मामाच्या म्हशीसाठी खोकं

मामानं पुण्याहून म्हैस आणली तेव्हा एसटीचा कंडक्टर तिला आत घेईना. "हिला टपावर टाका," म्हणाला. मामा म्हणाला, "मग मीबी टपावर बसतो." आणि खरोखर नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत हा गृहस्थ टपावर तिला मिठी मारून आला. धुळीनं इतका पांढरा झाला होता, की माझ्या आईनं सख्ख्या भावाला ओळखलं नाही. आधी म्हशीला ओळखलं. हे मी थोडं वाढवून सांगतोय. पण थोडंच.

म्हैस म्हणजे दूध देणारी नव्हे. ते एक वाद्य होतं. व्हायोलिन पाहिलंय ना? तेच, पण उभं केलं तर माणसाच्या डोक्यावर हातभर वर जाणारं, पोट धान्याच्या कणगीएवढं, आणि तारा कासऱ्यासारख्या जाड. बँडवाले त्याला डबल बास म्हणत. मामा पुण्यात लष्कर भागातल्या एका बँडच्या सामानावर राखणीला होता. तिथल्या एका गोव्याच्या म्हाताऱ्यानं त्याला हे वाजवायला शिकवलं आणि गावी परत जाताना, "मला आता उचलवत नाही, तू सांभाळ," म्हणून देऊन टाकलं. वाजवायचा गज कधीच हरवला होता. मामा बोटांनीच तारा छेडायचा. आवाज असा निघायचा, की गोठ्यातली खरी म्हैस मान वर करून उत्तर द्यायची. तेव्हापासून आमच्या गावात, पासलीत, त्या वाद्याला दुसरं नाव उरलं नाही.

वेल्ह्याहून पासलीला तिला चादरीत गुंडाळून चौघांनी खांद्यावर घेतली होती. वाटेतली माणसं बाजूला होऊन हात जोडायची. एक म्हातारा तर कोसभर मुकाट आमच्या मागनं चालला आणि ओढ्यापाशी हळूच विचारता झाला, "कोण गेलं म्हणायचं?"

"गेलं न्हाई कोण," मामा म्हणाला. "आलीया."

आमची गायन पार्टी होती. जयंतीला, पौर्णिमेला, कुणाच्या बारशाला गावोगाव जाऊन आपल्या समाजाची गाणी म्हणायची. पेटी आणि पुढची गाणी मास्तरांची. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. त्यांच्या आवाजाला आणि रागाला मान देऊन सगळे मास्तर म्हणायचे. ढोलकी माझ्या चुलत भावाची, झांज आणि मागचा कोरस माझा. मी कोरस धरला, की तोरण्यावरची वानरं खाली उतरून बसायची, असं मी सांगत असे. मास्तर म्हणत, "उतरायची न्हाईत, पळायची."

मामा नोकरी सोडून आमच्याकडे, म्हणजे बहिणीकडे राहायला आला आणि म्हशीसकट पार्टीत बसला. बसला म्हणजे उभा राहिला. ती बसून वाजत नाही. तिथून अडचण सुरू झाली.

आमच्या वरच्या गावांत तेव्हा वीज नव्हती. मोटारीची बॅटरी, तिच्यावर चालणारं मशीन, एक माईक गाणाऱ्यापुढे, दुसरा मामानं फडक्यात गुंडाळून म्हशीच्या घोडीखाली, म्हणजे तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिच्याखाली खोचलेला, आणि समोर आंब्यावर बांधलेला पत्र्याचा कर्णा. कर्ण्यातून गाणं डोंगरापल्याड जायचं, पण म्हशीचा तो घनगंभीर आवाज पत्र्यात शिरला, की डब्यात अडकलेल्या गांधीलमाशीसारखा बाहेर पडायचा. आणि इकडे मामाच्या एका कानाशी ढोलकी, दुसऱ्या कानाशी माझी झांज. त्याला स्वतःचं वाजवणं अजिबात ऐकू यायचं नाही.

"भाच्या," एकदा मला म्हणाला, "अंधारात कुणाला तरी घास भरवल्यावानी वाजवतोय मी. तोंडात जातोय का नाकात, काय कळत न्हाई."

बऱ्याचदा नाकातच जायचा. म्हैस पेटीपासून बाजूला सरकायची. मास्तर पेटी दाबता दाबता मान वळवून असे बघायचे, की मला झांज लपवावीशी वाटायची. एका माघात, कार्यक्रमावरून परत येताना, मास्तरांनी वाटेत थांबून सांगून टाकलं, "मामा, राग नका मानू. भोंगवलीच्या जयंतीपातूर म्हैस सुरात आली तर आली. न्हाईतर तिला दावणीला बांधा. तुमी कोरसात या."

भोंगवली म्हणजे मामाचं गाव. थोरला मामा तिथं शेती बघायचा. पुण्याला बँडात गेलेला धाकटा भाऊ हातात काय घेऊन आला, हे अजून त्या गावानं पाहिलं नव्हतं. ऐकलं मात्र सगळं होतं, आणि तिखटमीठ लावून ऐकलं होतं. त्या गावात, त्या दिवशी, म्हैस मास्तरांच्या पेटीशेजारी नीट वाजावी, एवढंच मामाला हवं होतं. मला तरी त्यानं आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही.

"मला माझं ऐकू येऊ द्या," मामा म्हणाला. "मग बघा."

त्यावर उपाय मास्तरांनीच काढला, हे त्यांच्या नावावर लिहून ठेवायला हवं. कर्णा लोकांसाठी राहू दे; मामाच्या पायाशी, मामाकडे तोंड करून, एक खोकं ठेवायचं. पेटी म्हटलं तर मास्तरांच्या बाजाच्या पेटीशी घोटाळा व्हायचा, म्हणून आम्ही स्पीकरच्या पेटीला खोकंच म्हणायचो. वर्गणी झाली, आणि चौघे जण म्हशीला घेऊन, बाजाची पेटी घेऊन भोरला निघालो.

भोरला बाजारपेठेच्या टोकाला एक लाउडस्पीकरवाला होता. आडदांड, मिशाळ, स्वतःच कर्ण्याचं काम करील असा आवाज. म्हैस दारातून आत येताना बघून तो दोन पावलं मागे सरला. "मंडळी, दुरुस्ती करायची असली तर हे सुताराकडं न्या."

"हिला काय झालं न्हाई," मामा म्हणाला. "मला झालंय. ऐकू येत न्हाई."

"मग डॉक्टर समोरच्या आळीत हायेत."

सगळं समजावून सांगितल्यावर त्यानं दुकानात ठेवलेली दोन खोकी पुढे ओढली. आता आम्हांला खोकं कसं निवडतात ते काय ठाऊक! बैल कसा निवडतात ते ठाऊक होतं. मास्तरांनी पहिल्या खोक्याला एक प्रदक्षिणा घातली. बरगड्यांवर टिचक्या मारल्या. पाठीवरून हात फिरवला. खाली वाकून चारही पाय बघितले. "छाती रुंद हाय," म्हणाले. मी कान लावून आत श्वास चालतोय का ते ऐकलं. माझ्या चुलत भावानं तर मागची फळी उचकटून आत डोकावून पाहिलं, आणि दुकानदार म्हणाला, "दात मोजताय का?"

ते पहिलं खोकं मोठं देखणं होतं. पॉलिश केलेलं, पुढे सोनेरी धाग्याचं कापड. कुणा बड्या घरच्या रेडिओचं असावं. मास्तर त्याच्या प्रेमातच पडले. स्टेजवर ठेवलं तर शोभेल, म्हणाले. माईक घोडीखाली खोचला, मशीन लावलं, मामानं तार छेडली. वरचे सूर गोड आले. पण सर्वांत जाड तार वाजली, तशी मागची पातळ फळी अशी थरथरली की म्हशीला हिवताप आल्यासारखं वाटलं.

"ह्ये न्हाई," मामा म्हणाला.

दुसरं खोकं तंबूतल्या सिनेमाचं. एवढं मोठं, की त्यात लग्न लावावं. दुकानदारानं मोठ्या अभिमानानं मशीनचा कान पिळला. मामानं तार छेडली आणि शप्पथ सांगतो, समोरच्या वाण्याच्या दुकानातल्या फळीवरची बरणी पुढे सरकली. माझ्या पोटात तर सकाळची भाकरी उलटी फिरली.

"वा!" मास्तर म्हणाले. "ह्याला म्हणतात दम."

मामानं डोळे मिटून पुन्हा वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग मान हलवली. "पोटाला कळतंय, कानाला न्हाई. एक सूर संपत न्हाई तर दुसरा त्याच्या अंगावर बसतोय. ह्ये लोकांसाठी ब्येस. मला माझं बोट कुठं पडलं त्ये कळाय पायजे."

तिसरं खोकं दुकानदार दाखवत नव्हता. त्यावर त्याचा चहाचा पेला होता. एका नाटक कंपनीनं करून घेतलं होतं आणि न्यायला कुणी आलंच नव्हतं. जुन्या दाराच्या जाड सागवानी फळ्या, रंग नाही, रूप नाही. समोरची बाजू तिरकी कापलेली, म्हणजे जमिनीवर ठेवलं की वर बघायचं. गाणाऱ्या नटाच्या पायाशी ठेवायचं, त्याला साथ ऐकू यावी म्हणून.

"ह्ये?" मास्तर म्हणाले. "ह्ये तर कोंबड्यांचं खुराडं हाय, मामा."

मामानं पेला उचलून बाजूला ठेवला. खोकं आपल्या पायाशी ओढलं आणि तार छेडली. आवाज मोठा नव्हता. दुकानाबाहेर गेला असेल नसेल. पण त्या एका सुराला डोकं होतं, पोट होतं, शेपूट होतं. कुठं सुरू झाला आणि कुठं थांबला ते बोट ठेवून दाखवावं. मामा खाली खोक्याकडे बघत राहिला, एखादं ओळखीचं माणूस लांबून येताना दिसावं तसा.

"मास्तर," म्हणाला, "जरा सा धरा."

मास्तरांनी पेटीवर सूर धरला. मामानं त्याला जोड दिली आणि त्याचा चेहरा उतरला. "म्या खाली वाजवत हुतो," म्हणाला. "इतके दिवस. तुमी म्हनत हुता त्ये खरं हुतं." मग त्यानं तारेवरचं बोट सरकवलं, आंबेमोहर तांदळाच्या एका दाण्याएवढं, जास्त नाही. आणि पेटीचा सूर नि म्हशीचा सूर एकमेकांत असे मिसळले, की पेटी कुठली आणि म्हैस कुठली ते मला सांगता येईना.

मास्तरांनी पेटी थांबवली नाही. एक गाणं हळू आवाजात सुरू केलं. ढोलकी आणलेलीच नव्हती. भावानं गुडघ्यावर ताल धरला. मी तोंड उघडलं नाही. बाजाराला आलेली दोन माणसं पिशव्या घेऊन दारात थांबली. दुकानदारानं पेला हातात घेतला तो तसाच धरून राहिला. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी फुगवून सांगितल्या, पुढेही सांगेन. पण त्या दुकानातली ती म्हैस जशी वाजली तशीच सांगायची तर शब्द कमीच पडतात, आणि कमी पडलेले मला सवयीचे नाहीत.

येताना मामा एसटीत खोकं मांडीवर घेऊन बसला. म्हैस टपावर एकटीच होती.

पुढचा कार्यक्रम राजगडाखालच्या पालीला होता. आम्ही खोकं मामाच्या पायाशी ठेवलं, तोंड मामाकडे. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले, काठी टेकत स्टेजवर आले.

"मास्तर, ह्ये काय बरं दिसत न्हाई."

"काय, बाबा?"

"खोकं आमच्याकडं पाठ करून बसलंय. एवढी लेकरंबाळं, बायाबापड्या लांबनं आल्यात. त्यास्नी पाठ दावायची?" आणि मामा काही बोलायच्या आत त्यांनी स्वतः वाकून, कण्हत, खोकं फिरवून लोकांकडे केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मामानं त्यांच्या हाताला धरून त्यांना खाली उतरवलं. "तुमचं बराबर हाय, बाबा," म्हणाला. मी मागनं खुणा करत होतो, की सांगा की, त्यांना सांगा! पण मामा कुणाला, त्यातून वडीलधाऱ्याला, 'मला ऐकायचंय म्हणून तुमच्याकडं पाठ' असं सांगणारा माणूसच नव्हता. आमच्या लोकांना आजवर पुष्कळांनी पाठ दाखवली होती. आपल्याच कार्यक्रमाला, आपल्याच स्टेजवरून आणखी एक पाठ बघायला कोण येणार? मामाला ते कळत होतं. म्हैस त्या दिवशी पुन्हा नाकात घास भरवत राहिली.

दुसऱ्या गावात तेच. तिसऱ्या गावात तर एका बाईनं, "भाऊ, त्येचं तोंड हिकडं करा की, लाजतंय का त्ये?" म्हणून सगळी सभा हसवली. मामाही हसला आणि त्यानं स्वतःच खोकं फिरवलं. जयंती आता तोंडावर आली होती.

भोंगवलीला आम्ही उन्हं उतरायच्या आधी पोचलो. मिरवणूक नुकतीच संपली होती, निळे झेंडे, गुलालाऐवजी सगळीकडे निळीची पूड, पोरांचे चेहरेसुद्धा निळे. स्टेजवर प्रतिमा ठेवायला उंच जागा शोधत होते. तेव्हा मास्तर माझ्याकडे बघून डोळे बारीक करून हसले. मास्तर हसले म्हणजे काहीतरी शिजत असणार.

त्यांनी खोकं उचललं, स्टेजच्या मध्यावर मामाच्या पुढ्यात ठेवलं, तोंड मामाकडे. त्यावर पांढरीशुभ्र चादर अशी टाकली, की लोकांच्या बाजूनं जमिनीपर्यंत लोंबावी आणि मामाच्या बाजूनं मोकळी राहावी. आणि त्यावर प्रतिमा ठेवली, तोंड लोकांकडे. हार घातला, पुढे मेणबत्त्या लावल्या.

"आता फिरवा म्हणावं कुणाला फिरवायचंय त्याला," माझ्या कानात म्हणाले.

कुणी फिरवलं नाही. वंदना झाली. पुढच्या रांगेत थोरला मामा पटका बांधून, मांडी ठोकून बसला होता, शेजारी सगळी भावकी. मास्तरांनी सूर धरला. मामानं पहिली तार छेडली, आणि मला भोरचं दुकान आठवलं. तोच सूर! डोकं, पोट, शेपूट सगळं जागच्या जागी. पेटीला चिकटून चाललेला. मास्तरांनी गाता गाता डाव्या हातानं मामाकडे बघून अशी खूण केली, की ती खूण मी त्यांना आधी कुणाला करताना पाहिली नव्हती, मला तर नाहीच. पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. दुसऱ्यात सूर खाली उतरायचा होता, जाड तारेवर.

मामानं जाड तार छेडली आणि मी त्याच्या नजरेकडे बघितलं. तो खाली खोक्याकडे बघत नव्हता. वर बघत होता. प्रत्येक ठोक्याला मेणबत्तीची ज्योत वाकत होती. तसबिरीची काच बारीक किणकिणत होती. त्याला मागून फक्त प्रतिमेची लाकडी पाठ दिसत होती, आणि ती पाठ ठोक्यागणिक तसूतसूनं पुढे, लोकांच्या बाजूच्या कडेकडे सरकत होती.

मामानं तळहात तारांवर ठेवला. सगळ्या तारांवर, आडवा. जसा एखाद्या रडणाऱ्या पोराच्या पाठीवर ठेवावा.

मास्तर एक ओळ चुकले. मग सावरले. गाणं पुढे गेलं, म्हशीशिवाय. मामा तिला धरून तसाच उभा राहिला, हात तारांवर, अख्खं गाणं. दुसऱ्या गाण्यातही. तिसऱ्या गाण्याच्या आत मास्तरांनी हळूच विचारलं, "काय झालं, मामा?"

"प्रतिमा हलतीया," मामा म्हणाला. "माझ्या आवाजानं हलतीया. म्या न्हाई वाजवायचो."

"अवो, खाली उतरवून ठिवू. दुसरीकडं ठिवू."

"समद्यांनी हार घातल्यावर? गावाम्होरं उचलून खाली? न्हाई मास्तर."

एवढ्यात पुढच्या रांगेतून थोरल्या मामाचा खणखणीत आवाज आला, "का रं धाकल्या? म्हैस आटली का?"

भावकी हसली. पोरं हसली. मामाही हसला, तोंड वाकडं न करता. "आटली की दादा," म्हणाला. "उन्हाळा हाय न्हवं."

मास्तर सांगायला उठलेच होते. त्यांचा राग मला ओळखता येत होता. हा मामावरचा नव्हता. मामानं त्यांचा सदरा मागून धरला. आपल्या वाद्यानं प्रतिमा हलली, हे भरसभेत सांगण्यापेक्षा, धाकट्याला वाजवता आलं नाही, हे गावानं म्हटलेलं त्याला बरं वाटलं. आणि गावानं तेच म्हटलं. अजूनही कुणी जुनं माणूस भेटलं तर म्हणतं, "तुझा मामा ती भली थोरली सारंगी घिऊन आलता, वाजलीच न्हाई." मी काय सांगणार? माझ्यासारख्या थापाड्याची ती एक खरी गोष्ट कोण खरी मानणार?

मास्तर परत येताना म्हणाले, पुढच्या खेपेला खोकं हलू नये म्हणून वर एक मोठा दगड ठेवू, त्यावर आणखी एक चादर, लोकांना काय कळतंय. मामा म्हणाला, "बघू पुढल्या येळंला." पण कार्यक्रम आला की, "आज कंबर दुखतीया, हिला कोण उचलणार?" म्हणायचा, आणि माझ्याशेजारी झांज घेऊन बसायचा. झांज तो छान वाजवायचा. मास्तरांनी त्याला एकदाही टोकलं नाही, आणि मला ते फार लागायचं. मास्तरांनी ज्याला टोकलं नाही तो पार्टीत नसल्यासारखाच.

पुढे आमच्याकडचा पावसाळा. पासलीच्या ओलीत माणसाचे सांधे सुटतात, तर सरसानं चिकटवलेल्या लाकडाचं काय! आषाढात एके दिवशी म्हशीची पाठ आपोआप उघडली. मामानं ती दोरीनं बांधून ठेवली. त्या दोरीला त्यानं पुन्हा हात लावला नाही. आणि खोकं? मास्तर पहिल्या दिवशी जे म्हणाले होते तेच झालं. आईच्या कोंबड्या त्यात अंडी घालू लागल्या. सागवानी खुराडं अख्ख्या वेल्ह्यात आमच्याच घरी होतं.

मामा गेला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मास्तरही गेले. मी भोरला असतो, आणि जयंतीचा कार्यक्रम असला की नातू मला पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवतात, बोलायला लागलो तर आवरता यावं म्हणून स्वतः शेजारी बसतात. आता स्टेजवर कडेला ओळीनं काळी, तिरकी खोकी ठेवलेली असतात. सगळ्यांची तोंडं गाणाऱ्यांकडे, पाठी आमच्याकडे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मागे वळून बघत राहिलो, कुणी उठतं का. कुणी उठलं नाही. कुणाला दिसलंसुद्धा नाही.

मागच्या जयंतीला एक जण लांब गिटार घेऊन उभा होता, जाड तारांची, खालच्या सुरांची. एक सूर वाजवून त्यानं कान टवकारला. त्याला नीट ऐकू येईना. मग त्यानं शेजारच्याशी बोलता बोलता, बघितलंसुद्धा नाही, खोक्याला पायानं एक ढकल दिली आणि आपल्याकडे वळवून घेतलं.

पायानं!

मी नातवाला म्हणालो, "बघितलंस?" तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "काही नाही." आणि गाणं सुरू झालं. तो गिटारवाला बरा वाजवत होता, सुरात होता. मामापेक्षा बरा नव्हता. पण मामाला तेवढं पायानं ढकलता आलं असतं, तर किती बरं झालं असतं.